कमिशनपुढे भुरीबाई

कमिशन येणार म्हणून वाघजळीच्या ग्रामपंचायतीला दोनदा चुना फासून झाला होता आणि दोन्ही वेळा कमिशन आलं नव्हतं. तिसऱ्या वेळी कोणी साधा झाडूसुद्धा मारला नाही, तेव्हा मात्र तीन पांढऱ्या गाड्या धुरळा उडवत येऊन पंचायतीपुढे उभ्या राहिल्या. सरपंचाची तारांबळ बघण्यासारखी होती. शाळेतून खुर्च्या आल्या, कोणाच्या तरी लग्नातली सतरंजी आली, आणि चहासाठी साखर आणायला धाडलेला माणूस कमिशन उठेपर्यंत परत आला नाही.

कागदावर त्याचं नाव चौकशी समिती असं होतं, पण गावात सगळे कमिशनच म्हणत. त्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. बोंडअळी हटता हटत नव्हती, म्हणून लोक दोन-तीन औषधं एकत्र कालवून पंपानं उडवत होते, आणि ती पिकावर कमी नि फवारणाऱ्याच्या तोंडावर जास्त पडत होती. महागावपासून राळेगावपर्यंत मजूर वावरातच भोवळ येऊन पडू लागले. काहींची नजर गेली, काही जिवानिशी गेले. बोंब मुंबईपर्यंत पोचली तेव्हा सरकारनं तीन माणसं नेमली आणि सांगितलं, गावोगाव फिरा, लोकांचं ऐका, कोण कशानं गेलं ते लिहून आणा. हेतू चांगला होता. सरकारचा हेतू नेहमीच चांगला असतो, पाय तेवढे उशिरा उचलतात.

वाघजळीच्या शिवेवर बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथला राजकुमार असाच गेला होता, दुसऱ्याच्या वावरात फवारणीच्या मजुरीवर असताना. पण त्याच्या कागदावर फवारणीचं नावसुद्धा नव्हतं. शेजाऱ्यांनी त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून ज्या दवाखान्यात नेलं, तिथे तोंडाला विषाचा वास आला, आणि तेवढ्यावर ‘विष प्राशन केले’ असं लिहून दवाखानेवाले मोकळे झाले. या जिल्ह्यात इतकी माणसं विष पिऊन गेली आहेत की वास आला म्हणजे पुढचं विचारायची गरज कोणाला वाटत नाही.

त्यात भर अशी, की त्याच सकाळी राजकुमारचं बायकोशी भांडण झालं होतं, हापशीवर, सगळ्या तांड्यादेखत. बायकोचं नाव उज्ज्वला. तीज हा तांड्यातल्या पोरीबाळींचा सण. तिला तिजेला माहेरी जायचं होतं. तो म्हणत होता, फवारणीचं काम ऐन भरात आहे, दोन दिवस थांब. ती थांबली नाही. पोरीला कडेवर घेतलं आणि ढाणकीच्या एसटीत जाऊन बसली. निरोप पोचला तेव्हा माहेरच्या अंगणात तिजेची गाणी चालली होती आणि ती त्यात हात धरून नाचत होती.

दवाखान्याचा कागद आणि हापशीवरचं भांडण, दोन्हींची गाठ मारायला तांड्याला फार डोकं लागलं नाही. बायको भांडून गेली, नवऱ्यानं घेतलं. तोंडावर कोणी म्हणत नव्हतं, पण उज्ज्वला हापशीवर गेली की बाया गप्प होत. एक दिवस तिची तीन वर्षांची लेक खेळून घरी आली आणि विचारत बसली, का आई, तू बापाले काहून मारलं? कोणा पोरानं तिला शिकवलं होतं. मदतीचे पैसे मिळोत न मिळोत, उज्ज्वलाला त्याची फिकीर नव्हती. तिला कमिशनच्या कागदावर एक ओळ पाहिजे होती, की राजकुमार फवारणीनं गेला. लेक वाचायला शिकली की ती ओळ तिच्यापुढे धरता आली असती. नाही तर ही पोर सगळा जन्म आईकडे त्याच नजरेनं बघणार, या धास्तीनं तिला अन्न गोड लागत नव्हतं.

त्या दुपारी घरात एकटी सासू होती, भुरीबाई. राजकुमार वावरातून झोकांड्या खात आला तो तिच्याच पुढ्यात कोसळला. काय झालं ते तिनं तांड्यात सांगितलंही होतं, पण लोक म्हणाले, म्हातारी नातीकडे बघून सुनेला वाचवते. नायक धरमसिंग तांड्याचा मुख्य. तो समजूतदार माणूस, पण त्यानंही सांगून टाकलं होतं की दिवाळी झाली की यावर नसाब बसवावी लागेल.

नसाब म्हणजे तांड्याची न्यायाची बैठक. मध्ये नायक, भोवती जाणती माणसं, ज्याला जे म्हणायचं ते त्यानं सगळ्यांसमोर म्हणायचं. शेवटी नायक विचारतो, दोष कोणाचा? आणि कोणीतरी उठून तो पदरात घेतल्याशिवाय बैठक मोडत नाही. एकदा घेतला की संपलं. पुन्हा तो विषय कोणी काढायचा नाही. कोर्टकचेऱ्यांची पायरी न चढता तांडा पिढ्यान्‌पिढ्या एका जागी नांदला तो याच रीतीवर, तेव्हा तिला नावं ठेवायचं कारण नाही. भुरीबाईचा सगळा जन्म या रीतीत गेलेला. न्याय करायला माणसं बसतात ती अशीच बसतात, एवढंच तिला माहीत होतं.

कमिशनचे अध्यक्ष मुळावकर साहेब. घरात तीन पिढ्या सरकारी नोकरी, स्वतः मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, कोणावर अन्याय होऊ नये म्हणून फार जपणारे गृहस्थ. त्यांच्या शेजारी अमरावतीच्या डॉक्टर रत्नप्रभाबाई. तिसरे सदस्य आजारी म्हणून आले नव्हते. त्यांच्या खुर्चीवर टायपिस्ट अवधूत लॅपटॉप मांडून बसला होता. तांड्याच्या गोरबोलीतून मराठी करून सांगायला एक मास्तर नेमले होते, ते काही उगवले नाहीत. धरमसिंग नायक पुढे झाला आणि म्हणाला, मी सांगतो.

नायक खोटं सांगणारा नव्हता, पण त्याच्या मनात काय बसलंय ते उज्ज्वलाला ठाऊक होतं. ती दहावी शिकलेली. उभी राहून म्हणाली, माझ्या सासूचं मीच सांगणार. मुळावकरांना ते पटलं नाही. ज्याचा संबंध त्यानंच दुभाषी व्हायचं हे बरोबर नव्हे, असं ते म्हणाले. पण ती हटेना, आणि रत्नप्रभाबाईंनीही भीड घातली. शेवटी साहेबांनी अट घातली: शब्दाला शब्द सांगायचा, पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही, आणि नायकांनी शेजारी उभं राहून ऐकायचं. उज्ज्वलानं मान डोलावली. तिला वाटलं, अर्धी लढाई इथेच जिंकली.

आधी वावराचा मालक आला. तो काही वाईट माणूस नव्हता, भ्यालेला होता. पोरगा दुपारपर्यंत फवारत होता, मग घरी जातो म्हणाला, चांगला चालत गेला, पुढचं मला माहीत नाही, एवढं बोलून तो मान खाली घालून भिंतीशी जाऊन उभा राहिला.

मग भुरीबाईला बोलावलं. तिनं दारातूनच सगळीकडे नजर फिरवली. मध्ये साहेब, बाजूला नायक, भोवती तांड्याची आणि गावची माणसं. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, दिलेली खुर्ची तशीच सोडली आणि सतरंजीवर मांडी घातली. उज्ज्वलाला वाटलं, म्हातारी बुजली.

पण ती बुजली नव्हती. ती सावकाश, एकामागून एक सांगत गेली आणि उज्ज्वला तिच्या मागोमाग मराठी करत गेली. राजकुमार आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीपासून कमरेपर्यंत ओलाचिंब होता, पंप गळका होता. घाम असा सुटलेला की कपाळावरून धारा लागल्या होत्या. तोंडातून लाळ, हातपाय थरथरत होते. ती त्याचे डोळे पुसायला गेली तर डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. ‘याडी,’ म्हणजे आई, ‘मला तू दिसत नाहीस,’ असं तो म्हणाला. त्यानंतर तो शुद्धीत बोलला नाही.

बाहुल्यांचं ऐकताच रत्नप्रभाबाई सरसावून बसल्या. त्यांनी तेच पुन्हा विचारून घेतलं आणि साहेबांच्या कानाशी काही बोलल्या. साहेबांनी मान हलवली. “हे नीट घ्या,” ते अवधूतला म्हणाले. अवधूतची बोटं चालू लागली, आणि उज्ज्वलाला तो आवाज इतका गोड वाटला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी दिवसांत कोणी तिच्या घरातलं बोलणं खरं मानून ऐकलं नव्हतं.

साहेबांनी पाणी प्यायलं आणि शेवटचा प्रश्न विचारला. हा प्रश्न ते प्रत्येक गावी, गेलेल्याच्या घरच्या प्रत्येकाला विचारत. लोक कंपनीला शिव्या देत, दुकानदाराला देत, सरकारला तर देतच, आणि ते सगळं जसंच्या तसं लिहिलं जाई. ते म्हणाले, “विचारा त्यांना, त्यांच्या मते यात दोष कोणाचा?”

उज्ज्वलानं विचारलं. शब्दाला शब्द.

भुरीबाईनं भिंतीशी उभ्या मालकाकडे पाहिलं. तो वर बघेना. तिनं खुर्चीवरच्या साहेबांकडे पाहिलं, नायकाकडे पाहिलं, दाराशी गोळा झालेल्या तांड्यातल्या बायांकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. आणि गुडघ्यावर हात टेकून ती उठून उभी राहिली, नसाबीत उठतात तशी.

“दोष मार छ,” ती म्हणाली. दोष माझा आहे. आणि खणखणीत आवाजात, तांड्यातल्या मागच्या माणसालाही ऐकू जावं असं, ती गोरबोलीत बोलत गेली. पोराला तहान लागली होती. घरात फवाऱ्याची उरलेली बाटली होती. मला डोळ्यांनी दिसत नाही. पाण्याची समजून तीच मी त्याच्या तोंडाला लावली. माझ्या हातानं गेला. सुनेचा यात काही संबंध नाही.

दाराशी एकदम कुजबुज उठली. साहेबांना त्यातलं अक्षर कळलं नाही. “काय म्हणाल्या?” त्यांनी विचारलं.

हे खोटं आहे हे उज्ज्वलाला जितकं ठाऊक होतं तितकं दुसऱ्या कोणालाच नव्हतं. म्हातारीच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं, ती अजून आरसे लावून कांचोळी, म्हणजे चोळी, शिवत होती, आणि मालकानं मजुराला औषधाची बाटली कधी घरी नेऊ दिली नव्हती. सांगावं तर सगळं बुडालं. न सांगावं तर शेजारी नायक उभा.

“साहेब,” ती म्हणाली, “ते खोटं बोलून राह्यली.”

“ते मी ठरवीन. त्या काय म्हणाल्या तेवढं सांगा.”

ती सासूकडेच बघत राहिली तेव्हा साहेबांनी नायकाकडे पाहिलं. धरमसिंगनं खाली मान घालून सगळं मराठीत सांगितलं. त्यानं एक शब्द घातला नाही आणि एक गाळला नाही. सांगून झाल्यावर त्यानं पागोटं काढून हातात घेतलं.

मग उज्ज्वलाचा बांध फुटला. तिनं हात जोडून नसाबीची रीत सांगितली, दोष कोणीतरी घ्यावाच लागतो, सासूला वाटलं इथेही तसंच आहे, तिनं माझ्यासाठी घेतला, असं एका दमात सांगितलं. रत्नप्रभाबाईंच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांना ते पटतंय. साहेबांनीही मध्ये तोडलं नाही. त्यांनी नायकाकरवी भुरीबाईला पुन्हा विचारलं, सून म्हणते ते खरं का? भुरीबाईनं नाही म्हणून मान हलवली. पुन्हा एकदा विचारलं. तिनं पुन्हा हलवली, आणि या वेळी मोडक्यातोडक्या मराठीत स्वतःच म्हणाली, “मीच पाजलं, सायेब. तिले काही इचारू नका.”

साहेब उज्ज्वलाकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. “बाई, तुम्ही म्हणता सासू आत्ता खोटं बोलते. मग मघाशी ती खरं बोलत होती, हे मी कशावरून धरू?”

रत्नप्रभाबाई म्हणाल्या, बाहुल्यांचं कोणी मनचं सांगू शकत नाही. साहेबांनी त्यांना विचारलं, तेच औषध पोटात गेलं तर बाहुल्या तशाच होतात का? त्या डॉक्टर होत्या, खोटं कसं बोलणार. होतात, असं त्यांना म्हणावंच लागलं. शर्ट कुठे आहे, असं साहेबांनी विचारलं. शर्ट त्याच्याबरोबरच जळाला होता.

अवधूतनं लिहिलेलं वाचून दाखवलं. मृत्यू फवारणीमुळे झाल्याचे सिद्ध होत नाही, घरात चुकून विष पाजले गेल्याचे मातेने कबूल केले आहे. म्हातारीच्या मागे आता कोणी लागू नये म्हणून ‘चुकून’ हा शब्द साहेबांनी मुद्दाम घालायला लावला होता. भुरीबाईनं अंगठा पुढे केला, कोणी हात धरायच्या आतच. गाड्या पुढच्या गावाकडे निघाल्या. जाताना रत्नप्रभाबाईंनी उज्ज्वलाचा हात घट्ट धरला.

सासू-सून पांदीनं तांड्याकडे निघाल्या. दोन्ही बाजूंना तीच डोक्यावर गेलेली कपाशी. बराच वेळ उज्ज्वला पुढे आणि म्हातारी मागे. मग उज्ज्वला थांबली.

“काय पाजलं होतं त्याले, याडी?”

“लिंबाचं पानी. दोन घोटही नाही गेले.”

“मंग काहून असं सांगतलं?”

“कोनी तरी घ्याच लागते,” भुरीबाई म्हणाली. “मालक घेत नव्हता. सरकार कायले घेईन? राह्यली तू. अन् तुह्याजवळ पोरगी हाये. माह्याजवळ आता काय हाये?”

उज्ज्वला तिला सांगू लागली. ते आपल्यावर दोष ठेवायला आले नव्हते. ते फवारणीचंच शोधत गावोगाव फिरत होते. तू सांगितलेला शब्द अन् शब्द त्यांनी खरा मानला होता, डॉक्टरीणबाई तर आपल्याच बाजूच्या होत्या, ओळ आपली झालीच होती. तिनं तेच तेच तीन-चार प्रकारे सांगितलं. तिला म्हातारीचा असा संताप आला की हात उचलला जाईल की काय असं वाटलं, आणि त्याच वेळी खाली बसून तिच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटलं. दोन्हींतलं तिनं काहीच केलं नाही. ती नुसती रडत उभी राहिली.

भुरीबाईनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

“ते फवारनीचंच शोधून राह्यले होते,” ती म्हणाली, “तं मंग त्यायनं आमाले दोष काहून इचारला?”



बातमी त्यांच्याआधी तांड्यात पोचली होती. दुसऱ्या दिवशी उज्ज्वला हापशीवर गेली तर बायांनी सरकून जागा केली. त्यांतली रुपीबाई तिजेपासून तिच्याशी बोलली नव्हती. तिनं स्वतः दांडा मारून उज्ज्वलाची गुंडी भरून दिली. तुह्यावर लय अन्याव झाला पोरी, आमी उगाच काहीबाही बोललो, असं ती खऱ्या मायेनं म्हणाली. मग जवळ येऊन, आवाज खाली घेऊन, तितक्याच मायेनं म्हणाली की पोरीला म्हातारीच्या हातचं काही खाऊ देऊ नको, तिला दिसत नाही.

उज्ज्वला भरलेली गुंडी तिथेच टाकून घरी आली. ताटलीत दूधभात कालवला. लेकीला उचललं आणि ओट्यावर बसलेल्या भुरीबाईच्या मांडीवर नेऊन ठेवलं. हापशीवरून परतणाऱ्या बाया समोरूनच येत होत्या.

“याडी, भरव तिले,” ती मोठ्यानं म्हणाली.

बायांची पावलं थबकली. पोरीनं तोंड उघडलं. भुरीबाईचा हात सवयीनं ताटलीत गेला, तिनं बोटांनी भात मऊ केला, घास उचलला. मग तिनं वर पाहिलं. रस्त्यावर उभ्या बायांना पाहिलं, सुनेला पाहिलं, आणि उचललेला घास पुन्हा ताटलीत ठेवला.

“मले दिसत नाही, बेटी,” सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली. “आतापासून तूच भरवत जाय.”

पोरगी आ करून आजीकडे बघत बसली होती.